सीओटू की डायोड? वर्कशॉपसाठी लेसर कटर निवडताना

कोल्हापुरातल्या वर्कशॉपमध्ये डिझाइनच्या मुलांसाठी एकच लेसर कटर घ्यायचा असेल, तर मी झाकणबंद सीओटू मशीन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबमधून किरण काढणारं, घ्या असंच सांगेन.

डायोड, म्हणजे छोट्या चिपमधून किरण सोडणारा लेसर, स्वस्त पडतो आणि टेबलावर मावतो. कार्डबोर्ड, पातळ प्लाय आणि कोरीवकाम एवढंच करणार असाल तर तो पुरतोही. पण मुलं लवकरच पारदर्शक अॅक्रिलिक घेऊन येतात आणि तिथे गाडी अडते. डायोडचा निळा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो आणि काचेतून ऊन जावं तसा अॅक्रिलिकमधून आरपार निघून जातो. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा, म्हणजे अवरक्त. तो अॅक्रिलिकमध्ये शोषला जातो आणि कड इतकी चकचकीत सुटते की पॉलिश पेपर लागत नाही.

डोळ्यांचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. डायोडची बरीच मशीन उघडी असतात, आणि टेबलाभोवती दहा मुलं वाकलेली असताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर योग्य गॉगल आहे की नाही हे बघत बसणं शक्य नाही. झाकण उघडताच किरण बंद होणारं मशीनच शिकणाऱ्या मुलांसमोर ठेवावं.

सीओटूची निगा मात्र जास्त. ट्यूबला थंड पाणी सतत फिरतं लागतं, आरसे आणि लेन्स पुसावे लागतात, आणि काचेची ट्यूब काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आधीच धरा. धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट दोन्हींना हवाच.

कोल्हापूर म्हटल्यावर मुलं चपलेचे नमुने करणारच. अस्सल कोल्हापुरीचं चामडं वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेलं असतं, ते कापता येतं. जळका वास येतो, तेवढाच. रेक्झिन मात्र आत जाऊ देऊ नका. त्यात बहुधा पीव्हीसी असतं आणि ते जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुफ्फुसांना अपाय करतो, मशीनही गंजवतो. क्रोम चामडंही, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, नको.

पत्रा कापायला यातलं कुठलंच मशीन घेऊ नका. त्याला फायबर लेसर लागतो. ते काम बाहेर द्या. शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत जवळ असताना मुलांनी तिथल्या कारागिरांशी बोलून जॉब करून घेणं हेही शिक्षणच आहे.

पैसे देण्याआधी आपलाच ३ मिलिमीटरचा प्लाय आणि पारदर्शक अॅक्रिलिक घेऊन जा आणि विक्रेत्याला समोर कापायला लावा. शक्यतो पावसाळ्यात जा, कारण ओलीनं वाकलेल्या प्लायवर फोकस कसा चुकतो ते तेव्हाच दिसतं.