उपदीर्घिकांची मांडणी तपासताना: अक्ष-गुणोत्तर, कोन की लाइकलिहूड?

मोठ्या (यजमान) दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या छोट्या उपदीर्घिका एखाद्या पातळ प्रतलात किंवा ठरावीक दिशेत मांडलेल्या आहेत की सगळीकडे विखुरलेल्या, हे तपासायचंय. आधी पाहा, हाताशी यजमान दीर्घिका एक आहे की हजारो.

एकच असेल, म्हणजे आपली आकाशगंगा आणि तिच्या 11 तेजस्वी उपदीर्घिका, तर अक्ष-गुणोत्तर (सी/ए, म्हणजे मांडणीची जाडी भागिले लांबी; जितकं लहान तितकी मांडणी चपटी) घ्या. स्थानांवरून जडत्व टेन्सर (बिंदू कोणत्या दिशेला किती पसरलेत हे सांगणारी सारणी) मांडायचा, त्याच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आयगेनमूल्यांच्या (मुख्य दिशांमधल्या पसरणीच्या मापांच्या) गुणोत्तराचं वर्गमूळ काढायचं. या 11 साठी ते 0.18 च्या आसपास येतं. आकडा धक्कादायक वाटतो, पण इतक्या कमी बिंदूंत सर्व दिशांना सारख्या वितरणातूनही सी/ए 1 च्या बराच खाली येतो. शिवाय टेन्सरमध्ये अंतराचा वर्ग असल्याने दूरच्या लिओ-1 आणि लिओ-2 या दोघींचंच पारडं जड होतं. म्हणून प्रत्येक स्थान त्याच्या अंतराने भागून काढलेलं गुणोत्तरही सोबत द्या.

तुलनेसाठी मॉक (संगणकाने बनवलेले कृत्रिम नमुने) लागतात. त्यांच्यामध्ये अंतरं तीच ठेवून फक्त दिशा यादृच्छिक करा. आकाशगंगेच्या तबकडीलगतचा ±12° पट्टा निरीक्षणातून वगळला असेल तर मॉकमधूनही वगळा. तो आकाशाचा 21% भाग आहे, आणि तबकडीला लंब प्रतल असल्याचा आभास त्यानेच बळावतो. पी-मूल्य (इतकी चपटी मांडणी निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) 0.001 असेल तर 10,000 मॉकमध्ये सरासरी 10 च तसे सापडतात, म्हणजे 30% अनिश्चितता. लाखभर तरी करा.

शेजारच्या देवयानी (अँड्रोमिडा) दीर्घिकेत सापळा वेगळा आहे. 2013 मध्ये 27 पैकी 15 उपदीर्घिका पातळ प्रतलात आढळल्या, त्यातल्या 13 एकाच दिशेने फिरणाऱ्या. 15 पैकी किमान 13 एका बाजूला, ही निव्वळ नाणेफेकीत 0.74% शक्यता. मात्र ‘15’ हा आकडा डेटा पाहून निवडलेला. प्रत्येक मॉकवर तोच शोध पुन्हा चालवल्याशिवाय प्रतलाच्या पातळपणाचं पी-मूल्य निरर्थक.

हजारो यजमान असतील (स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणासारखे) तर उपदीर्घिकेच्या दिशेचा यजमानाच्या दीर्घ अक्षाशी होणारा कोन (0° ते 90°) मोजा. दिशाभेद नसेल तर सरासरी 45°. केएस (कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह) ही दोन वितरणांची तुलना करणारी चाचणी टोकांशी मंद असते आणि इथला संकेत टोकांशीच असतो, म्हणून त्याच कामाची अँडरसन-डार्लिंग चाचणी बरी. पुढे-मागे असलेल्या परक्या दीर्घिका सरासरी 45° कडे ओढतात. बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा निवड करून त्रुटी काढणं) यजमानांवर करा, उपदीर्घिकांवर नको, नाहीतर त्रुटीपट्टे फसवे अरुंद होतात.

दोन ठोस प्रारूपांत निवड करायची असेल तरच लाइकलिहूडकडे (प्रारूप खरं धरल्यास हाच डेटा मिळण्याची शक्यता) वळा. 11 बिंदूंवर 3 प्राचलांसाठी एआयसीची (जास्त प्राचलांना दंड लावून प्रारूपं तोलणाऱ्या निकषाची) लहान-नमुना दुरुस्ती 3.4 येते, एका प्राचलासाठी 0.44, ती गाळली की क्लिष्ट प्रारूप फुकटात जिंकतं. आणि संभाव्यता-घनतेचं सामान्यीकरण फक्त दिसणाऱ्या आकाशावर करा. बहुतेक कोडमध्ये नेमकं हेच राहून जातं.