सुटा हायपो घेतला: काम चोख, पॅकिंग बेकार (साडेतीन स्टार)

ब्लॅक अँड व्हाईट फिल्मचे रोल घरीच धुवायचं (डेव्हलप करायचं) खूळ लागलंय, रात्री दोन तास बाथरूम माझं असतं आणि घरचे जाम वैतागलेत. ब्रँडेड रॅपिड फिक्सर (फिल्मवरचं न वापरलेलं चांदीचं मीठ काढून टाकणारं रसायन) परवडेना म्हणून मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून अर्धा किलो सुटा हायपो आणला, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दिसायला थेट खडीसाखर. पातळ पिशवी, वर स्टेपलरची पिन, लेबल नाहीच. घरी येईस्तोवर ओल धरून गठ्ठा, बत्त्याने फोडावा लागला.

पण माल चांगला निघाला. लिटरला 250 ग्रॅम टाकला, पाणी कोमटच घ्या कारण विरघळताना इतकं गार पडतं की बाटलीला बाहेरून घाम फुटतो. रोलचं पुढचं टोक कापून आधी त्यात बुडवून बघितलं, दुधी होतं ते साडेतीन मिनिटांत काचेसारखं साफ, मग रोल त्याच्या दुप्पट म्हणजे सात मिनिटं ठेवला. रॅपिडवाला अमोनियम थायोसल्फेटचा असतो, तो याहून फास्ट.

गंमत बघा, फिल्मवरचं ते दुधी म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड, साध्या पाण्यात लिटरला जेमतेम 0.13 मिलिग्रॅम विरघळतं, मग इथे कसं वितळतं? तर जो काही थोडा सिल्व्हर आयन पाण्यात उतरतो त्याला दोन थायोसल्फेट दोन्हीकडून धरतात, कॉम्प्लेक्स बनला की मोकळा सिल्व्हर उरतच नाही, म्हणून फिल्मवरून अजून सुटतो, परत धरला जातो, असं चालूच. केएसपी, म्हणजे विरघळण्याची ठरलेली मर्यादा दाखवणारा आकडा, आहे तेवढाच राहतो हां. बारावीला नुसतं घोकलेलं, सिल्व्हरचं क्लोराइड विरघळतं पातळ अमोनियात, ब्रोमाइड कडक अमोनियात, आयोडाइड ढिम्म हलत नाही, ते अमोनियाची पकड कमी पडते म्हणून हे आत्ता कळलं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने हायपोचा हा गुण 1819 मध्येच बघून ठेवला होता, फोटोग्राफी लोकांसमोर यायच्या वीस वर्षं आधी!

आता माझे दोन गाढवपणे. व्हिनेगरच्या स्टॉप बाथमधून (डेव्हलपरचं काम थांबवणारं आंबट पाणी) रोल न धुताच हायपोत टाकत गेलो, गंधक सुटून सगळं दुधाळ, वर तो वास, ओतून दिलं. दुसरं म्हणजे कंजूसपणा, एकाच लिटरात रोलवर रोल. निगेटिव्ह तेव्हा झकास दिसल्या, चार महिन्यांनी तपकिरी डाग. थायोसल्फेट कमी पडलं की सिल्व्हरच्या वाट्याला दोनाऐवजी एकच येतो, तो अर्धवट कॉम्प्लेक्स नीट विरघळत नाही, फिल्ममध्येच अडकतो आणि पुढे त्याचं सिल्व्हर सल्फाइड होतं. आता आधी थोडं हायपो काढून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकतो, पिवळा गाळ हलवूनही गेला नाही तर ते बाद. बाद झालेलं गटारात ओतू नका, चांदी असते त्यात, मी कॅनमध्ये साठवतोय.

परत घेणार, पण घरून झाकणाची बरणी घेऊन जाणार.