इसबगोल की सोनामुखी?
पोट साफ होत नाही म्हटलं की घरात दोन डबे पुढे येतात. इसबगोल पाणी शोषून फुगतो, मळ मऊ करतो. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. चमचाभर भुसा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. पाणी कमी पडलं तर तो घशात अडकू शकतो. सोनामुखी आतड्यांना चाळवते. रात्री घेतली की सकाळी पोट मोकळं, कधी मुरडा येऊन. तिची रोजची सवय मला अजिबात पटत नाही. रोजच्यासाठी इसबगोलच बरा. मात्र शौचातून रक्त, काळा मळ किंवा विनाकारण वजन घटणं दिसलं, तर डॉक्टरांकडेच जा. पोट फुगून उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही? तर काहीही न घेता तडक रुग्णालय गाठा.