मिक्सर चालतो का, तेवढं सांगा!

इन्व्हर्टर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती पंखे, किती लाइटी?" स्वयंपाकघराबद्दल कुणी विचारत नाही. आमचं मुरूडला छोटं घरगुती पाहुणेघर आहे. (दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे.) पंखा बंद पडला तर पाहुणे पडवीत येऊन गप्पा मारत बसतात, पण वाटप नसलं तर जेवणच होत नाही. म्हणून माझी अट एकच होती. बॅटरीवर 750 वॅटचा मिक्सर चालला पाहिजे, आणि तोही ओलं खोबरं, धणे, मिरच्या भरून. रिकामं भांडं गरगर फिरवून दाखवलेलं नको.

शेवटी घेतला तो 1100 व्हीएचा (व्हीए म्हणजे इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप) प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखीच गुळगुळीत वीज देणारा इन्व्हर्टर, आणि 150 एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) उंच ट्यूब्युलर बॅटरी. जुनी बॅटरी देऊन दोन्हींचे मिळून 22 हजारांच्या आसपास गेले. आधीचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे खडबडीत वीज देणारा होता. त्यावर पंखे रात्रभर घुंई करायचे आणि मिक्सर लावला की नुसता गुरगुरायचा. नव्यावर पंख्याचा आवाज महावितरणच्या विजेवर येतो तेवढाच येतो. माझ्या सासूबाईंना तर वीज गेल्याचं कळतच नाही, त्या पंप लाव म्हणून सांगतात. पंपाचं पुढे येतंच आहे.

एका दुकानात मला छातीठोकपणे सांगण्यात आलं, "900 व्हीए म्हणजे 900 वॅट, बिनधास्त लावा मिक्सर." तसं नसतं. व्हीएच्या आकड्यातून साधारण वीस टक्के वजा करायचे, तेव्हा कुठे वॅट हाती येतात. म्हणजे 900चा इन्व्हर्टर 700-720 वॅटला दमतो. शिवाय थांबलेली मोटर सुटताना क्षणभर चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टर नापास होतो तो त्या क्षणाला. कागदावर जेमतेम बसणारं प्रत्यक्षात बसत नाही ते त्यामुळेच.

घरी आल्यावर मेन स्विच पाडून बघितलं. भांडं अर्धं भरलेलं, बटण 1 वर. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅटरीचे 12.6 व्होल्ट दिसत होते ते 11.7 झाले, मिक्सर सुरळीत सुटला. मग 2, मग 3, वाटप झकास बारीक. बंद केल्यावर आकडा परत वर चढला. मग मुद्दाम भांडं गच्च भरून थेट 3 वर फिरवलं. टीं टीं टीं, ओव्हरलोड, आणि मिक्सरबरोबर माजघरातला दिवाही गेला. थोड्या वेळाने इन्व्हर्टर आपला आपण परत सुरू झाला. तेव्हा नियम सोपा आहे: आधी 1, मग पुढे. सुकं खोबरं, हळकुंडं, गरम मसाला असलं कठीण काम मात्र वीज असतानाच करा.

भाचा वायरमन आहे. त्याने बॅटरीच्या जाड लाल केबलला क्लॅम्प मीटर लावून दाखवलं, मिक्सर भरात असताना 68 अँपिअर! भिंतीच्या प्लगमधून तोच मिक्सर तीन-साडेतीन अँपिअर घेतो. 230 व्होल्टचं काम 12 व्होल्टवर करायचं तर करंट तेवढा वाढणारच. म्हणून बॅटरीची केबल आखूड आणि जाड हवी, आणि टर्मिनलचा नट घट्ट हवा. दुकानातून आलेल्या माणसाने तो हातानेच पिळून ठेवला होता. भाच्याने पान्याने आवळला, वर पेट्रोलियम जेली फासली. आमच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढते, ती अशाने बरीच आटोक्यात राहते.

लोकांना वाटतं मिक्सर बॅटरी खाऊन टाकतो. 700 वॅटने दहा मिनिटं चालला तर तो जेवढी वीज घेतो, तेवढी 75 वॅटचा साधा पंखा दीड-पावणेदोन तासांत घेतो. बॅटरी संपवतात ते रात्रभर फिरणारे पंखे. मी दोन खोल्यांत बीएलडीसी पंखे बसवले, ते तिशीच्या आसपास वॅट घेतात, आणि तेव्हापासून सकाळच्या चटणीला बॅटरीत जीव शिल्लक असतो.

आता फ्रीज. आमचा जुना, साधा कॉम्प्रेसरवाला, चालताना दीडशे वॅटसुद्धा घेत नाही, पण सुटताना इन्व्हर्टरला ओरडायला लावतो. पंखे चालू असले की हमखास ट्रिप. बहिणीकडे इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज आहे, तो हळू सुटतो आणि याच मापाच्या इन्व्हर्टरवर निमूट चालतो. विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप? नाही. विकणारा "चालेल की" म्हणाला होता. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र पंप, गिझर, इस्त्री लावू नका असं स्पष्ट छापलंय. सासूबाईंना ते पटलेलं नाही.

कमी पडतो तो चार्जिंगला. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास सलग वीज लागते, आणि जुलैत आमच्याकडे सलग वीज म्हणजे चेष्टाच. तास-दोन तास येते, कुठेतरी फांदी पडते, जाते. 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर तर कितीतरी दिवस तारा रस्त्यावर लोळत होत्या. तशा वेळी कितीही महागडा इन्व्हर्टर एका रात्रीचाच सोबती. शेजाऱ्यांनी छपरावर ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं सोलर बसवलंय, त्यांना वाटलं आता काळजी मिटली. पण लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ते लाइन गेली की आपोआप बंद होतं. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींना जोडता येणारा प्रकारच विचारा.

सर्व्हिसबद्दल फार चांगलं लिहिता येत नाही. फोन केला की "उद्या" म्हणतात. डिस्टिल्ड वॉटर घालायला त्यांची वाट बघू नका. बॅटरीवरचा पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडा लाल खुणेकडे गेला की स्वतःच घाला, वरच्या खुणेपर्यंतच. बॅटरी बंद खोलीत नको, आमची पडवीत, पावसाच्या झडीपासून आत आहे.

मिक्सर 500 वॅटचा असेल तर 900 व्हीएत भागेल, उगाच जास्त पैसे घालू नका. 750चा असेल तर 1100च्या खाली जाऊ नका. आणि दुकानात जाताना आपला मिक्सर पिशवीत घालून न्या, भिजवलेली डाळ घालून तिथेच फिरवायला सांगा.