प्रीमियर पद्मिनीचं रबर: जुना कंपनी माल घ्यावा की नव्या डायचा?

पहिल्या पावसात पद्मिनी स्वतःच यादी देते. पुढच्या काचेखालून पाणी, दाराच्या कडेतून वाऱ्याची शिट्टी, इंजिन बंद करताना गाडीला बसणारा हिसका. मग रबर बदलायचं ठरवलं की प्रश्न येतो तो दुकानात: कंपनीने त्या काळी काढलेला, न वापरता पडून असलेला पाकीटबंद माल घ्यायचा, की हल्ली नवे डाय, म्हणजे साचे, करून काढलेला?

गिअर किंवा बोल्ट असता तर कंपनीचाच घ्या, असं डोळे मिटून सांगता आलं असतं. रबराचं वय मात्र साच्यातून निघाल्या दिवसापासून मोजायचं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, म्हणजे सगळ्यात ताजा कंपनी मालही पंचवीस वर्षांचा. साठवणुकीच्या आयएसओ २२३० मानकात अंधारात, थंड जागी ठेवलेल्या नैसर्गिक रबराला साठवणुकीची सुरुवातीची मुदत ५ वर्षं धरली आहे, नायट्राइल या तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराला ७ आणि ईपीडीएम या उन्हाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराला १०. पोटमाळ्यावर तापलेल्या पाकिटाचं काय होत असेल, ते यावरून समजून घ्या.

ब्रेक आणि पेट्रोलच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: जुना माल फुकट मिळाला तरी नको. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. व्हील सिलिंडरच्या वॉशरची (आतल्या रबरी वाटीची) कड कडक झाली की ऑइल गळतं, पॅडल खाली जातं. नवं किट बसवताना सिलिंडर रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ नका. वॉशर फुगतो, पिस्टन परत येत नाही आणि ब्रेक जाम होतो. धुवायला स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलच. पेट्रोलचा पाइप घेताना त्यावर एसएई जे३०आर९ (SAE J30R9) हा पेट्रोलच्या पाइपाचा दर्जा छापलेला बघा, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या काळचं रबर त्याच्यासाठी केलेलंच नव्हतं. फ्युएल पंपाच्या रबरी पडद्यालाही (डायफ्रॅमलाही) हेच लागू.

इंजिन माउंटिंगमध्येही, म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं त्यांत, नवाच माल घ्यावा, पण पारखून. नव्या मालातला नेहमीचा दोष म्हणजे लोखंडी पट्टी आणि रबर यांची पकड. जोडावर पातळ स्क्रूड्रायव्हर टेकवून हलकेच उचला. कड सुटली तर परत करा. रबराचा कडकपणा साधारण ५० ते ६० शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) असावा. फार कडक असेल तर आयडलिंगला सगळी बॉडी थरथरते. सस्पेन्शनचे सायलेंट ब्लॉक बुश (लोखंडी नळ्यांमध्ये रबर भरलेले) कुठलेही घ्या, नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असतानाच. जॅकवर असताना आवळला तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

काचेचं रबर आणि दाराचं बीडिंग (दाराच्या कडेची रबरी पट्टी) इथे निर्णय खरा अवघड. कंपनीच्या मालाचा आकार बिनचूक असतो, खाच काचेवर आणि पत्र्यावर चपखल बसते. नवा माल बहुधा ईपीडीएमचा, त्यामुळे उन्हात आणि ओझोनमध्ये जास्त टिकतो, पण आकार मिलिमीटर-दोन मिलिमीटरने चुकतो. जाड बीडिंगने दार बाहेर राहतं, मग गॅरेजवाला लॉक सरकवतो, लोक दार आपटू लागतात आणि बिजागऱ्या झिजतात. म्हणून आधी सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) न लावता बीडिंग बसवा आणि दार रात्रभर बंद ठेवा. सकाळी कडेत कागदाची पट्टी अडकवून, दार लावून ओढा. चहूबाजूंनी सारखी अडली पाहिजे. बसवताना ताणू नका, उलट कोपऱ्यांत थोडं दाबून भरा. ताणलेलं रबर आक्रसून कोपऱ्यात फट पाडतं, शिवाय ताणावरच आधी भेगा जातात.

कंपनीचं काचेचं रबर मिळालंच, तर त्याची घडी उलटी वाकवून बघा. वळणावर केसांसारख्या आडव्या भेगा दिसल्या तर ते फक्त नमुना म्हणून ठेवा. पॅडलचे रबर आणि फ्लोअर मॅट मात्र खुशाल कंपनीचे घ्या. त्यांच्यावर पाणी अडवायचं किंवा दाब धरायचा भार नाही, आणि त्यांची नक्षी नव्या डायमध्ये तशी उठत नाही.

जुनं रबर काढलं की लगेच फेकू नका. काचेच्या वरच्या सरळ बाजूचा, कमी ताणलेला ५ सेंटीमीटरचा तुकडा कापून दुकानात न्या आणि नव्या रबराचा छेद त्याच्याशी जुळवा. काचेच्या आणि पत्र्याच्या कडेची जाडीही व्हर्नियरने मोजून न्या. तीन-चार वेळा पेंट झालेल्या गाडीत पत्र्याची कड मुळापेक्षा जाड झालेली असते.