गोठवायचा बाउल की बर्फ-मिठाचा पॉट?

घरच्या आइस्क्रीमसाठी विजेवरचे छोटे यंत्र घ्यायचे असे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यापुढे खरे तर दोनच पर्याय असतात. एकात दुहेरी भिंतीचा बाउल आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचा असतो. दुसरा म्हणजे बादलीत उभा डबा, त्याच्याभोवती बर्फ व खडे मीठ आणि वर मोटर असलेला पॉट. स्वतःचा कॉम्प्रेसर असलेले यंत्रही मिळते आणि सोयीला ते सर्वांत उत्तम आहे, परंतु त्याची किंमत आणि दहा-बारा किलोंचे वजन पाहता महिन्यातून दोनदा आइस्क्रीम करणाऱ्या घराला ते परवडेल असे मला वाटत नाही, म्हणून ते येथे बाजूला ठेवतो. पहिले दोन्ही प्रकार साताऱ्यातील आमच्या घरी वापरून झाले आहेत. बाउलचे यंत्र तीन वर्षे वापरले, आणि पॉटला आता दोन उन्हाळे झाले.

चवीचा निर्णय यंत्रावर फारसा अवलंबून नाही, हे आधी सांगतो. म्हशीचे साईसकट दूध थोडे आटवून, त्यात ताजी साय किंवा क्रीम घालून, ते मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये गार केले असेल तर दोन्ही यंत्रांतून आइस्क्रीम मऊ आणि एकजीव निघते. बर्फाचे कण साधारण ५० मायक्रॉनच्या पुढे वाढले की जिभेला कळू लागतात; पाते सतत फिरत राहून डब्याच्या भिंतीवर गोठलेला थर खरवडत असल्यामुळे ते तितके वाढत नाहीत, आणि मिक्सरमधून दोनदा फिरवलेल्या आइस्क्रीमहून यंत्रातले सरस लागते ते यामुळेच. प्रकृतीच्या काळजीने साखर फार कमी करू नये, एवढी सूचना मात्र दोन्हींना लागू आहे, कारण साखर कमी पडली की दुसऱ्या दिवशी डब्यातून निघणारे आइस्क्रीम दगडासारखे घट्ट होते.

बाउलच्या यंत्राचे गुण मी मनापासून मान्य करतो. ते स्वच्छ आहे, ओट्यावर पाण्याचा थेंब सांडत नाही आणि पंचवीस मिनिटांत काम उरकते. यंत्र सुरू करून पाते फिरत असतानाच मिश्रण ओतायचे, एवढे पथ्य पाळले की दहा वर्षांचे मूलही ते चालवू शकते. उलट क्रमाने केले तर मिश्रण भिंतीला क्षणात चिकटते आणि पाते अडते. बाउलच्या भिंतींमधील द्रव पूर्ण गोठला की नाही हे पाहण्याची रीतही सोपी आहे: बाउल कानाशी धरून हलवावा, आणि आत जराही खळखळ ऐकू आली तर त्या दिवशी आइस्क्रीमचा बेत करू नये.

माझा निर्णय याच खळखळीने केला. एका मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन आठवडाभर राहायला आली होती आणि हापूसचे आइस्क्रीम करायचे ठरले होते. बाउल आदल्या दिवशी सकाळीच फ्रीझरमध्ये ठेवला होता, पण उन्हाळ्यात आठ माणसांच्या घरातला फ्रीझर म्हणजे बर्फाचे ट्रे, सरबताच्या बाटल्या, वाटाण्याच्या पिशव्या आणि दर दहा मिनिटांनी उघडले जाणारे दार. त्यातच दुपारी दुरुस्तीसाठी चार तास वीज बंद राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाउल हलवला तर आत खळखळ होतीच. तरीही मुलांच्या आग्रहापुढे मी मिश्रण ओतले. चाळीस मिनिटांनी भिंतीला बोटभर जाडीचा कडक थर जमला होता आणि मधला भाग आमरसच राहिला होता. शेवटी ते सर्व डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवले, तेव्हा सकाळी त्याची कचकचीत वडी निघाली. चार हापूस आंब्यांचा रस असा वाया गेल्याचे मला अजून वाईट वाटते.

यंत्र बिघडलेले नव्हते. या प्रकाराची रचनाच अशी आहे की बाउल थंडीची शिदोरी बांधून घेऊन येतो आणि ती संपली की त्याला पुन्हा दिवसभर फ्रीझरमध्येच जावे लागते. त्यामुळे लिटरभर आइस्क्रीम झाल्यावर दुसरा घाणा त्याच दिवशी काढता येत नाही, आणि दुसरा बाउल घ्यावा तर तो ठेवायला जागा कोठून आणायची, हा प्रश्न उरतो. ज्यांच्याकडे मोठा, फारसा न उघडला जाणारा फ्रीझर आहे, त्यांना कदाचित हा त्रास जाणवणारही नाही.

पॉटमध्ये थंडी भरत राहता येते. १८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी हँडलच्या आइस्क्रीम यंत्राचे पेटंट घेतले, त्याच तत्त्वावर आजचा पॉट चालतो. हँडलच्या जागी मोटर आली, इतकाच बदल. मीठ मिसळल्यावर बर्फ शून्याच्या बऱ्याच खाली वितळतो, आणि तीन भाग बर्फाला एक भाग मीठ या प्रमाणात मिश्रणाचे तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरातला चांगला फ्रीझर उणे १८ वर असतो. शिवाय प्रत्येक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. आमच्या दोन लिटरच्या पॉटला चार किलो बर्फ आणि किलोभर खडे मीठ लागते. बर्फ खाली बसू लागला की वरून आणखी एक थर द्यायचा. वीज गेली तरी भोवतीचा बर्फ तासभर डबा गार ठेवतो, हे मी दोनदा अनुभवले आहे.

त्याचे कष्टही सांगायला हवेत. ट्रेमधला बर्फ पुरत नाही, लादीचा तुकडा आणून गोणपाटात गुंडाळून फोडावा लागतो. मोटरचा आवाज शेजारच्या खोलीत बोलणे ऐकू येणार नाही इतका मोठा असतो, म्हणून आम्ही पॉट मागच्या अंगणात ठेवतो. आवाज जड झाला की लगेच बटण बंद करावे, नाहीतर घट्ट झालेल्या आइस्क्रीममध्ये अडकून आतले दाते तुटतात. उरलेले खारे पाणी झाडांना घालू नये, ते थेट मोरीत सोडावे, आणि बादली व डबा त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाकण उघडण्यापूर्वी ते आणि डब्याचा काठ ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यावा. कारखान्यातला बर्फ खाण्यायोग्य असेलच असे नाही, आणि मिठाचा एक खडा जरी आत पडला तरी दोन लिटर आइस्क्रीम खारट होते.

इतके सगळे करूनही मे महिन्यात मी पॉटच बाहेर काढतो, कारण आदल्या दिवशीची आठवण, रिकामा फ्रीझर आणि अखंड वीज या तिन्हींची वाट पाहावी लागत नाही. दुपारी पाहुणे आले तरी फ्रीजमधले गार मिश्रण डब्यात ओतून संध्याकाळपर्यंत दोन घाणे निघतात. माणसे जास्त असतील आणि उन्हाळ्यातच आइस्क्रीम होणार असेल, तर माझा कल स्पष्टपणे पॉटकडे आहे. दोघा-तिघांच्या घराने बाउल घेतला तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही.

आमचा बाउलही टाकून दिलेला नाही. डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येऊ लागते तेव्हा फ्रीझर निम्मा रिकामा असतो आणि बाउल एका रात्रीत व्यवस्थित गोठतो. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असल्यामुळे ती साखरेबरोबर जॅमइतकी आटवून, पूर्ण गार करून मगच मिश्रणात घालतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत दोन कंदी पेढे कुस्करून टाकतो. भाजलेल्या खव्याचा तो वास स्ट्रॉबेरीच्या आंबटपणाबरोबर फार छान जुळतो, आणि लिटरभर आइस्क्रीम त्या दिवसांत आम्हांला पुरते.