सबवूफर जोडताना स्पीकरचा बेस कापायचा की मोकळा सोडायचा?

चार इंची फुलरेंज (सगळे सूर एकाच पडद्यातून काढणाऱ्या) स्पीकरवर गळा आणि सारंगी सुरेख वाजतात. कमी पडतो तो डग्ग्याचा घुमारा आणि बेस गिटार. म्हणून फक्त बेस, म्हणजे खालचे सूर, वाजवणारा सबवूफर आणला की दोन वाटा दिसतात: स्पीकर पूर्ण वाजू द्यायचे आणि सबवूफर फक्त खालून जोडायचा, किंवा स्पीकरकडे जाणारा बेस कापून तो सगळा सबवूफरवर सोपवायचा.

पहिली वाट सोपी आहे. अँपच्या स्पीकर टर्मिनलवरूनच सबवूफरच्या हाय-लेव्हल इनपुटला वायर न्यायची, क्रॉसओव्हर (जिथे स्पीकर आणि सबवूफरमध्ये सूर वाटले जातात ती फ्रिक्वेन्सी) ५०-६० हर्ट्झवर ठेवायचा आणि आवाज जुळवायचा. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आठ इंची वूफरचे टॉवर असतील तर मी हेच सुचवेन.

छोट्या फुलरेंजचं गणित मात्र वेगळं आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं. १६० हर्ट्झला जो कोन अर्धा मिलिमीटर हलतो, त्याला ८० हर्ट्झला दोन आणि ४० ला आठ मिलिमीटर हलावं लागेल. चार इंची ड्रायव्हरला एवढं जमत नाही. त्यात गाणंही त्याच कोनमधून येतंय, म्हणजे डग्गा घुमला की गळाही सोबत हलतो, खरखरतो. सबवूफर जोडूनही हा ताण तसाच राहतो, कारण स्पीकरकडे बेस जातोच आहे. बेस कापला की आवाज मोठा केल्यावरही गळा स्वच्छ राहतो. छोट्या फुलरेंजसाठी माझं मत ठामपणे कापण्याच्या बाजूने आहे.

कापायचा कुठे, हे अँपवर ठरतं. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप) असेल तर काम झालंच: सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात. प्री (आवाज कमी-जास्त करणारा) आणि पॉवर (स्पीकर चालवणारा) अँप वेगळे असतील तर पॉवर अँपच्या इनपुटला मालिकेत एक कपॅसिटर पुरतो. इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) २० किलोओहम असेल तर ८० हर्ट्झसाठी ०.१ मायक्रोफॅरड. उतार सौम्य, सप्तकाला ६ डेसिबल, पण खर्च जवळपास शून्य. हेच काम ८ ओहमच्या स्पीकरच्या वायरवर करायचं तर सुमारे २५० मायक्रोफॅरड लागतात. शिवाय रेझोनन्सपाशी (कोन आपसूक डोलतो त्या फ्रिक्वेन्सीपाशी) स्पीकरचा इम्पिडन्स उसळतो आणि हिशोब फसतो. त्या भानगडीत पडू नका.

डीएसपी क्रॉसओव्हर, म्हणजे डिजिटल पद्धतीने सूर वाटणारं उपकरण, सगळ्यात नेमका. सप्तकाला २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रकार) उतार दोन्ही बाजूंना एकसारखा मिळतो. फक्त आवाजाचा कंट्रोल डीएसपीच्या आधी हवा; नाहीतर अँपचा आवाज वाढवाल आणि सबवूफर तिथेच राहील.

वाट कुठलीही घ्या, खोली आपलं म्हणणं मांडतेच. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सबवूफर आधी बसायच्या खुर्चीवर ठेवून वाजवा, जमिनीलगत फिरत ऐका, आणि बेस जिथे सपाट वाटेल तिथे तो हलवा. मग क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीचा टोन लावून सबवूफरवरचं फेजचं (दोघांच्या लहरी जुळवणारं) बटण ० आणि १८० वर करून पाहा. खुर्चीत बसून बटणाच्या ज्या जागी टोन मोठा ऐकू येईल, ती जागा बरोबर.